सिकंदराचे अर्धवट राहिलेले बेत घरच्या भिंतीवर कसे मांडायचे

सिकंदर म्हटलं की आपल्याकडे गाडी पोरसापाशी येऊन थांबते. जिंकला का हरला, मग परत का गेला, यावर अर्धा तास वाद होतो, तेवढ्यात चहा येतो आणि विषय संपतो. पण मला विचाराल तर खरी गंमत तिथून पुढे आहे, कारण परत गेल्यावर तो माणूस गप्प बसला नव्हता, बाबिलोनमध्ये, म्हणजे आजच्या इराकात, पुढच्या मोहिमेची तयारी जोरात चालू होती, बंदर खोदायला घेतलं होतं, खलाशी भरती चालली होती, पायदळ चौथ्या दिवशी निघायचं आणि आरमार पाचव्या दिवशी हेसुद्धा ठरलं होतं, आणि मध्येच ताप आला आणि इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये, तेहेतीस पूर्ण व्हायच्या आत, तो गेला.

मग त्याच्या डोक्यात अजून काय काय होतं? हा प्रश्न नुसता गप्पांमध्ये टाकला की प्रत्येक जण आपापला सिकंदर रंगवतो. म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या हॉलच्या भिंतीवर हा विषय नकाशा आणि दोरे घेऊन मांडायला लागलो, भाची नववीत आहे ती, तिच्या दोन मैत्रिणी, वरच्या मजल्यावरचे एसटीतून रिटायर झालेले काका आणि मी. मी अंबडला एका कारखान्यात डिस्पॅचला आहे, त्यामुळे माल कुठून येणार, किती दिवसांत येणार आणि पैसे कोण देणार हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि या विषयाला नेमकं तेच लागतं असं माझं पक्कं मत झालंय. चार रविवार संध्याकाळ आणि एक सकाळ एवढा वेळ काढा. कसं करायचं ते सांगतो.

काय काय लागतं

जगाचा प्राकृतिक नकाशा घ्या, म्हणजे डोंगर, नद्या, वाळवंट दाखवणारा, देशांच्या सीमा रंगवलेला नको. आम्ही पहिल्यांदा राजकीय नकाशा लावला होता तर सगळी संध्याकाळ इराक, सीरिया आणि इराणच्या आजच्या बातम्यांवरच गेली. आणि नुसता आशियाचा नकाशाही चालत नाही, कारण या बेतांचं एक टोक बियास नदीला आहे आणि दुसरं स्पेनच्या पुढे. शालिमारला स्टेशनरीच्या दुकानात मोठा नकाशा मिळून जातो, नाही मिळाला तर चार कागदांवर प्रिंट काढून चिकटवा. सोबत टाचण्या, चार रंगांचा दोरा (लाल, हिरवा, पिवळा, पांढरा), चिठ्ठ्या आणि एक कात्री.

आता एक माप तयार करायचं. नाशिक ते दिल्ली सरळ रेषेत साधारण हजार किलोमीटर होतं, नकाशावर तेवढा दोरा धरा, कापा, आणि त्याला "एक दिल्ली" म्हणा. हा तुकडा पुढे सतत हातात लागतो. पोरांना किलोमीटरचे आकडे सांगितले की ती नुसती मान डोलावतात, पण हे साडेतीन दिल्ली आहे म्हटलं की काका लगेच विचारतात, मध्ये पाणी कुठे भरायचं?

रंगांचा नियम हा या सगळ्याचा जीव आहे, तो मोडू देऊ नका. लाल म्हणजे जे घडलं. हिरवा म्हणजे ज्याचं काम तो जिवंत असतानाच सुरू झालं होतं, म्हणजे झाडं तुटली होती, पैसे निघाले होते, माणसं पाठवली होती. पिवळा म्हणजे जे तो मेल्यावर दुसऱ्या कुणीतरी कागद वाचून सांगितलं. आणि पांढरा म्हणजे ऐकीव. एखादा बेत कुठल्या रंगात टाकायचा यावर भांडण झालं पाहिजे, होऊ द्या, तिथेच सगळं शिकणं आहे.

सुरुवात लाल दोऱ्याने

यात फार वेळ घालवू नका, पहिली अर्धी संध्याकाळ पुरे. मॅसिडोनियातल्या पेल्ला गावापासून टाचणी, मग आशिया मायनर (आजचा तुर्कस्तान), टायर बंदर, इजिप्त, सिवाचं ओॲसिस, परत वर येऊन बाबिलोन, पर्सेपोलिस, मध्य आशिया, हिंदुकुश, झेलम, बियास. इ.स.पू. ३२६ मध्ये बियासच्या काठी सैन्य पुढे जायला नाही म्हणालं, कोइनस नावाच्या जुन्या सेनापतीने सैनिकांच्या वतीने बोलून दाखवलं, सिकंदर रुसून तंबूत बसला आणि शेवटी देवांसाठी बारा वेद्या बांधून मागे फिरला. मग सिंधू नदीने खाली समुद्रापर्यंत, तिथून तो स्वतः मकरानच्या वाळवंटातून आणि त्याचा आरमारप्रमुख निआर्कस जहाजं घेऊन किनाऱ्याने. निआर्कसला आपला मान्सूनचा वारा आडवा आला होता, वारा फिरेपर्यंत थांबावं लागलं, हे पोरांना जरूर सांगा, कारण पुढच्या सगळ्या बेतांमध्ये वारा आणि पाणी हेच दोन मालक आहेत.

लाल दोरा बाबिलोनला संपवा आणि तिथे तारखेची चिठ्ठी लावा. त्या तारखेचा पुरावा फार सुंदर आहे, बाबिलोनचे लोक रोज रात्री आकाशाच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर लिहायचे आणि तशा एका पाटीवर राजा मेल्याची नोंद आहे आणि त्याच्याच शेजारी ढग असल्याची. आजच्या हिशेबाने ११ जून. एवढ्या मोठ्या माणसाचं मरण आणि पुढे हवामान. भाचीने ती ओळ वहीत लिहून घेतली.

एक गोष्ट इथेच स्वच्छ करून टाका. सिकंदराविषयी जे सविस्तर ग्रंथ आज हातात आहेत ते सगळे त्याच्यानंतर खूप उशिरा लिहिलेले आहेत, डायोडोरस जवळजवळ तीनशे वर्षांनी, एरियन तर साडेचारशे वर्षांनी. त्यांनी टॉलेमी, ॲरिस्टोबुलस, निआर्कस अशा सोबत असलेल्या माणसांची लिखाणं वापरली, पण ती मूळ लिखाणं हरवली. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर खाली कोपऱ्यात कोण सांगतंय ते नाव लिहायचंच. ही सवय लागली की निम्मं काम झालं.

हिरवा दोरा, इथे रमा

अरबस्तान. हा बेत इतका पुढे गेला होता की बेत म्हणावा का मोहीम असा प्रश्न पडतो. एरियनच्या सातव्या भागात सगळी यादी आहे आणि मी तर ती वाचताना अक्षरशः आमचं डिस्पॅच रजिस्टर वाचल्यासारखी वाचतो.

भूमध्य समुद्राच्या काठावर, फिनिशियात, जहाजं तयार होती, पण ती बाबिलोनला आणायची कशी? मध्ये जमीन. तर जहाजं सुटी केली, तुकडे जमिनीवरून युफ्रेटिसच्या काठी थाप्साकसला नेले, तिथे परत जोडली आणि नदीने खाली सोडली. आकडेही दिलेत, वल्हेकऱ्यांच्या पाच रांगांची मोठी २, चार रांगांची ३, तीन रांगांची १२ आणि तीस वल्ह्यांची ३०, म्हणजे एकूण ४७ जहाजं. शिवाय बाबिलोनमध्येच नवी बांधायला घेतली, पण तिथे लाकूड कुठलं, मग सरूची झाडं तोडली. बंदर खोदायचं ते एक हजार युद्धनौका मावतील एवढं. आणि मिक्कॅलस नावाच्या माणसाला ५०० टॅलेंट देऊन फिनिशिया आणि सीरियाकडे पाठवलं की दर्यावर्दी माणसं पगारावर घे, नाहीतर विकत घे.

एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. म्हणजे नुसत्या भरतीसाठी १३ टन चांदी. हा हिशेब पोरांकडून करून घ्या, सराफ बाजारातला त्या दिवसाचा भाव विचारून या आणि गुणाकार करायला लावा, आकडा बघून खोलीत शांतता होते.

मग टेहळणी. तीन माणसं पाठवली, तिघांच्या तीन चिठ्ठ्या लावा. आर्कियस टायलॉसपर्यंत गेला, म्हणजे आजचं बहरीन, त्याच्या पुढे जायची हिंमत झाली नाही. अँड्रोस्थेनिस अरबस्तानच्या किनाऱ्याचा आणखी काही भाग बघून आला. आणि सोलीचा हायरॉन, त्याला तर थेट अरबस्तानला वळसा घालून इजिप्तच्या बाजूला निघायला सांगितलं होतं, तो सगळ्यात लांब गेला पण अर्ध्यातून परत फिरला आणि सांगितलं की हा किनारा भारताएवढा अफाट आहे. आता तुमचा दिल्लीचा दोरा घ्या आणि इराणच्या आखाताच्या टोकापासून किनारा धरून येमेनला वळसा घालत सुएझपर्यंत मोजा. पाच दिल्लीच्या वर जातो. हायरॉन का परत फिरला ते समजावून सांगावं लागत नाही.

त्या आखातात कुवेतजवळ फैलका नावाचं छोटं बेट आहे, त्याला सिकंदराने इकॅरस नाव द्यायला सांगितलं असं एरियन म्हणतो. तिथे बारीक टाचणी लावा, नकाशावर दिसतही नाही ते, पण लावा.

जायचं कशाला होतं? कारणं एरियनने दिलीत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत हे मला फार आवडतं. अरबांनी वकील, म्हणजे दूत, पाठवले नाहीत हे निमित्त. अरब दोनच देव मानतात तर तिसरा मी, हे एक. धूप, दालचिनी असली सुगंधी दौलत, हे एक. चांगली बंदरं आणि बेटं, हे आणखी एक. आणि शेवटी एरियन स्वतःचं मत देतो की या माणसाची जिंकायची भूक कधी भागतच नव्हती. यातलं खरं कारण कोणतं हे मतदानाने ठरवू नका, सगळ्या चिठ्ठ्या एकाखाली एक लावून ठेवा. काका म्हणतात बंदरं, कारण सिंधूपासून बाबिलोनपर्यंत आणि तिथून इजिप्तपर्यंत एकच समुद्रमार्ग झाला असता तर सगळं राज्य एका रूटवर आलं असतं. मलाही तसंच वाटतं.

कॅस्पियन समुद्राचा छोटा हिरवा दोराही इथेच लावून टाका. हेराक्लिडिस नावाच्या माणसाला सुतार देऊन हिर्केनियाच्या, म्हणजे कॅस्पियनच्या दक्षिण काठच्या, जंगलात पाठवलं होतं, लाकूड तोड, जहाजं बांध आणि बघून ये की हा समुद्र कुठल्या दुसऱ्या समुद्राला जोडलाय का. नाहीये जोडलेला, पण तेव्हा माहीत नव्हतं. झाडं तोडायचा हुकूम निघाला म्हणून हिरवा.

आणि शेवटचे दिवस. आजारपणाची रोजनिशी एरियन आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क दोघांनी दिली आहे. रोज ताप, रोज आंघोळ, रोज देवाला नैवेद्य, आणि रोज सेनापतींना बोलावून निघायच्या सूचना, निआर्कसला प्रवासाविषयी सांगणं. आधी ते पायदळ चौथ्या दिवशी, आरमार पाचव्या दिवशी. मग ताप वाढतो, तरी सूचना चालूच. मग वाचा जाते. मग सैनिक एकेक करून समोरून जातात आणि तो डोळ्यांनी ओळख देतो. हे वाचून दाखवताना घाई करू नका, मधे प्रश्न घेऊ नका. हिरवा दोरा का हिरवा आहे ते इथे कळतं, माणूस संपत आला तरी मोहीम रद्द झालेली नव्हती.

पिवळा दोरा आणि हात वर करून मतदान

हा तिसरा रविवार सगळ्यात जिवंत होतो, पण एक अट, निकाल आधी कुणाला सांगायचा नाही.

घडलं असं की सिकंदर गेल्यावर पर्डिकस नावाच्या सेनापतीच्या हातात कारभार आला. त्याने राजाचे कागद, ज्यांना ग्रीक लोक टिपणं म्हणायचे, ते सैन्याच्या सभेपुढे वाचून दाखवले. काय होतं त्यात ते डायोडोरस सांगतो. फिनिशिया, सीरिया, सिलिशिया (आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा) आणि सायप्रसमध्ये एक हजार युद्धनौका बांधायच्या, त्याही नेहमीच्या तीन रांगांच्या जहाजापेक्षा मोठ्या, कशासाठी तर कार्थेज (आजच्या ट्युनिसजवळचं तेव्हाचं बलाढ्य शहर) आणि तिथून पुढे लिबिया (म्हणजे तेव्हाच्या भाषेत उत्तर आफ्रिका), स्पेन असा किनारा धरत सिसिलीपर्यंत जाण्यासाठी. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने हर्क्युलिसच्या खांबांपर्यंत, म्हणजे आजच्या जिब्राल्टरपर्यंत, रस्ता बांधायचा. सहा मोठी मंदिरं, प्रत्येकी १५०० टॅलेंट खर्चाची. वडील फिलिप यांच्यासाठी इजिप्तच्या सगळ्यात मोठ्या पिरॅमिडच्या तोडीची समाधी. जिवलग मित्र हेफेस्टियन आदल्या वर्षी एकबाटानाला वारला होता, त्याच्या चितेचं स्मारक पूर्ण करायचं. आणि शहरं वसवायची आणि आशियातले लोक युरोपात, युरोपातले आशियात नेऊन ठेवायचे, म्हणजे सोयरिकी होऊन दोन्ही खंड एक होतील.

आता एकाला पर्डिकस करा. बाकी सगळे सैनिक, दहा-अकरा वर्षं घर न बघितलेले. पर्डिकसने यादी एकेक करून वाचायची आणि प्रत्येक कलमाला सैनिकांनी हात वर करायचे, करायचं की रद्द. पण हात वर करण्याआधी प्रत्येक कलमाचा हिशेब फळ्यावर मांडायचा, नाहीतर पोरं उत्साहात सगळं मंजूर करून टाकतात.

हिशेब कसा ते सांगतो. तीन रांगांच्या जहाजावर १७० वल्हेकरी आणि सगळे धरून २०० माणसं. हजार जहाजं म्हणजे कमीत कमी दोन लाख माणसं, आणि ही जहाजं तर मोठी. माणशी दिवसाला एक किलो धान्य धरलं तरी रोज २०० टन. लासलगावला कांद्याच्या गाड्यांची रांग बघितलीये ना, तसे दहा-बारा मोठे ट्रक रोज, रविवारसुद्धा. पाण्याचं तर विचारूच नका, उन्हात वल्हं मारणाऱ्या माणसाला चार लिटर धरा, एका जहाजाला ८०० लिटर रोज, आणि या जहाजांवर साठवायला जागा जवळजवळ नाही, म्हणजे दर एक-दोन दिवसांनी गोड्या पाण्याच्या काठाला लागणं आलंच. रस्त्यासाठी दिल्लीचा दोरा अलेक्झांड्रियापासून जिब्राल्टरपर्यंत ठेवा, सरळ धरला तरी तीन दिल्लीच्या वर, आणि किनारा सरळ नाहीये, बराचसा वाळवंटाच्या कडेने आहे. सहा मंदिरांचे ९००० टॅलेंट म्हणजे २३४ टन चांदी.

आमच्याकडे मतदानात मंदिरं पास झाली, बाकी सगळं पडलं. वडिलांची समाधी पडली तेव्हा भाचीची मैत्रीण नाराज झाली, ती म्हणाली वडिलांसाठी तरी करायला पाहिजे होतं. मग मी खरा निकाल वाचला. सैनिकांचं सिकंदरावर प्रेम होतं, त्याचं नाव त्यांना वंदनीय होतं, पण बेत अवाढव्य आणि अवघड वाटले आणि त्यांनी ठरवलं की यातलं काहीच करायचं नाही. एका सभेत सगळं बंद.

पण इथे थांबू नका. आता विचारा, पर्डिकसने हे वाचलंच कशाला? गुपचूप बाजूला ठेवले असते कागद. तर बघा, क्रेटेरस नावाचा दुसरा मोठा सेनापती दहा हजार जुन्या सैनिकांना घेऊन घरी निघाला होता आणि सिलिशियात होता, आणि त्याच्याजवळ राजाचे लेखी हुकूम होते. पर्डिकसने एकट्याने रद्द केलं असतं तर उद्या कुणीही उठून म्हणालं असतं की तू राजाची इच्छा मोडलीस. सैन्यानेच नको म्हटलं की विषय मिटला. मग पुढचा प्रश्न, लोकांनी नको म्हणावं म्हणून यादी फुगवली असेल का? यावर अभ्यासकांमध्ये बरीच वर्षं वाद झालेत, कुणी सगळी यादीच बनावट मानली, कुणी खरी. माझं मत विचाराल तर कागद खरे असावेत, कारण सैन्याला भडकवायला दोन-चार कलमं पुरली असती, मंदिरांची गावं आणि खर्च कुणी इतक्या निगुतीने बनवत बसत नाही. पण वाचून दाखवणाऱ्याचा फायदा होता हे नजरेआड करायचं नाही, म्हणून दोरा पिवळाच राहतो, हिरवा होत नाही. आमच्याकडे काकांनी खूप आग्रह केला की कार्थेज हिरवं करा, आम्ही नाही केलं.

पांढरा दोरा

हा पटकन होतो. एरियन सातव्या भागाच्या सुरुवातीलाच सांगतो की कुणी म्हणतात तो अरबस्तान, इथिओपिया, लिबिया असा आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून गादेस, म्हणजे स्पेनमधलं कादिझ, तिथून भूमध्य समुद्रात शिरणार होता. कुणी म्हणतात काळ्या समुद्राकडे. कुणी म्हणतात सिसिली आणि इटलीचं टोक, कारण रोमचं नाव वाढत चाललेलं त्याला खुपत होतं. मग एरियन प्रामाणिकपणे म्हणतो की त्याच्या मनात नक्की काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण आशियाला युरोप जोडला असता आणि युरोपला ब्रिटनची बेटं जोडली असती तरी तो स्वस्थ बसला नसता. मला हा लेखक याच्यासाठी आवडतो.

पांढरा दोरा कार्थेजपाशी पिवळ्याच्या शेजारून जातो, तिथे थांबून विचारा की दोन रंग एकत्र आले तर पुरावा वाढला का? एरियन असंही सांगतो की बाबिलोनच्या वाटेवर असताना लिबियातून आणि इटलीतून वकील अभिनंदनाला आले होते. म्हणजे पश्चिमेकडचे लोक आधीच घाबरून हालचाल करत होते. रोमचे वकील आले होते का याबद्दल एरियनलाच शंका आहे, म्हणून ते पांढऱ्यातसुद्धा कोपऱ्यात ठेवा.

आणि गंगा? बियासच्या पुढचा बेत हा सगळ्यात जुना अपुरा बेत, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त वाद यावर. तिकडे मगधावर राज्य करणाऱ्या नंदांच्या सैन्याचे आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा म्हणजे वाद आपोआप थंड होतो. पायदळ सगळे दोन लाख सांगतात, पण हत्ती रोमन लेखक कर्टियस ३०००, डायोडोरस ४०००, प्लुटार्क ६०००, आणि घोडदळ कुणी २० हजार तर प्लुटार्क ८० हजार. हे मोजलेले आकडे नाहीत, बियासच्या काठावर बसलेल्या दमलेल्या सैनिकांच्या कानावर आलेले आकडे आहेत, पुढे लिहिताना आणखी वाढलेले. पण एक सांगतो, आकडा खोटा असला तरी भीती खरी होती, आणि सैन्य भीतीवर थांबतं.

तो मेसेज फिरतो ना, तिरडीतून माझे रिकामे हात बाहेर ठेवा म्हणजे जगाला दिसेल वगैरे, तो कुणीतरी आणणारच. या जुन्या ग्रीक-रोमन इतिहासकारांपैकी कुणीही ते लिहिलेलं नाही. त्यापेक्षा एरियनने दिलेली गोष्ट वाचून दाखवा, कुरणात उघड्यावर बसलेल्या भारतातल्या साधूंनी सिकंदराला बघून नुसते पाय जमिनीवर आपटले आणि अर्थ विचारल्यावर सांगितलं की ज्याच्या त्याच्या पायाखाली मावते तेवढीच जमीन त्याची.

पाचव्या दिवशी सकाळी पांडवलेणी

हे बाहेरगावच्या माणसाला जमणार नाही, आपल्याला जमतं, म्हणून सोडू नका. पाथर्डी फाट्याच्या पुढे, सकाळी लवकर, पाण्याची बाटली आणि टॉर्च घेऊन. जाण्याआधी सार्वजनिक वाचनालयात किंवा कुठे मिळेल तिथून नाशिकच्या शिलालेखांचा देवनागरी पाठ लिहून घ्या, कारण भिंतीवर ब्राह्मी आहे.

लेणं क्रमांक ३ चा व्हरांडा. एकाच व्हरांड्यात दोन तऱ्हेचे लेख आहेत आणि आपल्या रंगांच्या नियमाची याच्याइतकी चांगली परीक्षा कुठे होत नाही. एक लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा स्वतःचा हुकूम आहे, त्याच्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षाचा, विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनचा, म्हणजे इथल्याच भागाचा, अधिकारी विष्णुपालित याला पाठवलेला, की पूर्वी उषवदाताकडे (शक क्षत्रप नहपानाचा जावई) असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आता भिक्षूंना दिलंय, त्याची नोंद कर. बस, ऑफिसचं पत्र. दुसरा लेख त्याची आई गौतमी बलश्रीचा, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी कोरलेला, मुलगा गेल्यानंतरचा. त्यात असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनुप, विदभ, आकरावंती अशी प्रांतांची यादी आहे, शक-यवन-पहलवांचा नाश करणारा म्हटलंय, आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असंही म्हटलंय.

पोरांना तिथेच उभं करून विचारा, यातलं हिरवं काय आणि पिवळं काय? आमच्या पोरींनी शेताचा हुकूम पटकन हिरव्यात टाकला. प्रांतांच्या यादीवर वाद झाला. मग मी त्यांना जोगलटेंभीचं सांगितलं, आपल्याच जिल्ह्यात १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा परत मारलेला आहे. नहपान हरला याला याच्यापेक्षा पक्का पुरावा काय पाहिजे? त्याच नाण्यांवर नहपानाचं नाव ग्रीक अक्षरांतसुद्धा आहे, मोडकीतोडकी झालेली अक्षरं, पण ग्रीकच. अंजनेरीला नाण्यांच्या संशोधनाची संस्था आहे, जमलं तर त्याच दिवशी त्र्यंबक रोडने तिकडेही जाऊन या. तीन समुद्रांचं पाणी मात्र आईने मुलासाठी लिहिलेलं आहे, त्याला भाचीने कुठलाच रंग द्यायचं नाकारलं आणि मीही आग्रह केला नाही.

उतरण्याआधी लेणं क्रमांक १७ बघायला विसरू नका. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, स्वतःला उत्तरेकडचा योणक म्हणवणारा, म्हणजे यवन, गाव दातामिती, त्याने आईवडिलांच्या पुण्यासाठी हे लेणं, चैत्य आणि पाण्याची टाकी खोदवली असं तिथे कोरलेलं आहे. घरी आल्यावर नकाशावर नाशिकला टाचणी लावा आणि त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे ती लाल आहे.